डावी टाच

सगळ्यात आधी तातेंनी चेंडू हुंगला.
लोक त्याला डुकराचं कातडं म्हणत,
म्हणून आई तो चुलीच्या बाजूला येऊ देईना.
तातेंनी शिवणीवरून अंगठा फिरवला,
कलिंगड पारखावं तसा कानाशी धरून दाबला
आणि निकाल दिला: गाय आहे.
शिवण मात्र भिकार.

असा आमच्या घरात फुटबॉल शिरला,
पायाने कमी, खांद्याने जास्त खेळायचा
तो इकडचा, ओहायोतला फुटबॉल.
झेलिग टेकडीवरच्या कॉलेजात होता.
अर्जात धर्माचा रकाना होता, तो त्याने खरा भरला.
नावाचं कोचने बघितलं.
प्रूझान्स्की म्हणजे अर्धी ओळ, पेपरात मावायची नाही.
प्रुइट. सुटसुटीत.
घरी हे फक्त मला ठाऊक.
मी नऊ वर्षांची, इंग्रजी पेपर वाचता येणारी
घरातली दुसरी.

सामने शनिवारी.
आणि शनिवार देवाचा होता
झेलिग जन्मायच्या कितीतरी आधीपासून.
ताते त्याला एक शब्द बोलले नाहीत.
शुक्रवारी रात्री पाव मोडताना
पहिला तुकडा त्याच्या ताटात ठेवायचे,
त्याच्याकडे न बघता.

मग ऑक्टोबरातल्या एका शनिवारी
आम्ही सिनेगॉगमधून निघालो
आणि ताते घराकडे वळलेच नाहीत.
भट्ट्यांच्या मागून, काळ्या नदीवरच्या पुलावरून,
चार मैल.
ट्राम शेजारून जायची, आम्ही तिच्याकडे बघायचो नाही.
तातेंचे खिसे रिकामे, रुमालसुद्धा मनगटाला बांधलेला,
कारण शब्बाथला ओझं वाहायचं नसतं
आणि कागदाचा चिटोराही ओझंच.

फाटकावरच्या माणसाने तिकीट मागितलं.
तातेंनी दोन्ही तळहात उघडून दाखवले,
रापीचे जुने वण असलेले.
त्याला वाटलं, भीक मागतायत.

पास होता.
झेलिग दर आठवड्याला मला द्यायचा, न जाणो म्हणून.
निळा, दोन माणसांचा,
माझ्या मोज्यात घोट्याला टोचत होता.
मी गप्प राहिले.
बोलले असते तर कळलं असतं
की चार मैल मी काय वाहून आणलं.

कुंपणाच्या फळ्यांखाली वीतभर फट होती.
ताते शब्बाथच्या कोटासकट गवतात आडवे झाले.
मीही झाले.
तिथून माणसं दिसत नव्हती,
बूट दिसत होते. चिखल, आणि बावीस जोड.

वर लोक ओरडत होते: प्रुइट! प्रुइट!
"हा प्रुइट कोण?"
"असेल कुणीतरी," मी म्हटलं.
"कुणाचा तरी असेलच," ताते म्हणाले.

मग समोरच्या बाजूच्या कुणीतरी
आमच्या लोकांसाठी असलेला तो शब्द टाकला, मोठ्याने.
फटीतला एक जोड थांबला.
वळला.
टाच चिखलात रुतली, किती वेळ कोण जाणे,
मग तो मुकाट परत ओळीत जाऊन उभा राहिला.
तातेंच्या कोपराखालचं गवत
मुळासकट त्यांच्या मुठीत आलं होतं.
शब्बाथला गवतही उपटायचं नसतं.

जिंकले ते. किती गुणांनी, आठवत नाही.
टीम तळ्याकाठच्या क्लबात जेवायला गेली.
त्या क्लबाच्या दारावर पाटी होती,
म्हणून झेलिग लवकर घरी आला.

तीन तारे दिसले. मेणबत्ती वाइनमध्ये चुर्र करून विझली.
तातेंनी दिवा लावला, लोखंडी पाऊल मांडीत घेतलं,
आणि मान वर न करता म्हणाले,
"त्या प्रुइटचे बूट आण इकडे.
डावी टाच बाहेरून झिजते त्याची.
चालायला लागला तेव्हापासून."

झेलिगने माझ्याकडे पाहिलं,
मी माझ्या मोज्याकडे.
आई म्हणाली, कोण हा प्रुइट?
कुणी बोललं नाही.
तातेंच्या तोंडात खिळे होते.